पाकाचा रंग

मेलेल्या मधमाशीची सोंड आत होती. भिंगाखाली ती स्वच्छ दिसत होती, चाकूचं पातं मुठीत मिटावं तशी हनुवटीखाली घडी घातलेली. मुंगी हे त्या मुलीचं घरातलं नाव. तिने टाचणीच्या टोकाने माशी उलटी केली. पोट तट्ट फुगलेलं, आणि शेपटाकडे तपकिरी, वाळलेला एक थेंब. तिने ती माशी कागदाच्या डाव्या बाजूला सरकवली आणि डब्यातून पुढची उचलली. हिचीही सोंड आत. डावीकडचा ढीग वाढत होता. उजवीकडे, सोंड बाहेर लोंबणाऱ्या माश्यांसाठी ठेवलेली जागा, जवळजवळ रिकामी होती.

"कशाला चिवडतेस ते?" आई मागच्या दारातून म्हणाली. "मेलं ते मेलं."

"शाळेत बाईंनी विचारलंय."

"बाईंचं काय जातंय. बाबा यायच्या आत उचल ते सगळं. सकाळी सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर नको."

मुंगीने कागदाची कड उचलून माश्या पुन्हा डब्यात सोडल्या. वाळलेली टरफलं सांडावीत तसा बारीक आवाज झाला. सोंडेचं तिला बाबांनीच शिकवलं होतं. ती दुसरीत-तिसरीत असताना कुठल्याशा बागेत भर उन्हात औषध मारलं होतं, तेव्हा पेटीपुढचा माश्यांचा खच दाखवून ते म्हणाले होते, बघ, जीभ काढून पडल्यात, विषानं मेलेली माशी अशी मरते. मग नेहमीप्रमाणे पुढे जोडलं होतं, पण नुसत्या सोंडेवर जाऊ नकोस, उपाशी मेलेलीचीही कधीकधी तशीच असते. बाबा असे होते. एका खुणेवर ते कधी निकाल देत नसत.

ते मधपाळ होते. गावात त्यांना माशीवाला म्हणत. घराच्या मागे, उतारावर, त्यांच्या पेट्यांच्या दोन रांगा होत्या. वरची घराला लागून, झाडाच्या सावलीत; खालची पार शेजारच्या बागेच्या कुंपणाशी. फुलोऱ्याच्या दिवसांत, फळं चांगली धरावीत म्हणून, पेट्या बागांमध्ये भाड्याने जात, बाकीच्या दिवसांत मध. या वर्षी उष्ण वारे लवकर सुटले, फुलं डोळ्यांदेखत करपली, आणि माश्यांना साखरेचा पाक घालून जगवायची वेळ आली. तरी वरची रांग गेली. आधी पेट्यांच्या दारांवर तपकिरी शिंतोडे दिसले, मग जमिनीवर रांगणाऱ्या माश्या, मग नुसता खच.

मुंगीने तेव्हा शाळेच्या उपक्रमासाठी मोबाइलवर एक छोटी फिल्म केली होती. नाव दिलं होतं, 'कुणी मारल्या?' सुरुवातीला पाक ओततानाचं दृश्य होतं, उन्हात चमकणारी सोनेरी धार. मग पेट्यांवर भिरभिरणाऱ्या माश्या. मग पाठीवर पंप घेतलेला माणूस आणि त्याच्या नळीतून सुटलेला धुक्यासारखा फवारा. मग मेलेल्या माश्या, अगदी जवळून. आणि शेवटी बाबांचे हात, रिकामी चौकट धरलेले. बोलणं फार नव्हतं. "आमच्याकडे माश्या होत्या. शेजारी बाग आहे. बागेत फवारणी होते. आता या पेट्यांत माश्या नाहीत." यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

फिल्म वर्गातून घरोघरच्या मोबाइलवर गेली. सगळ्यांनी धारेचं कौतुक केलं. काय रंग आलाय, म्हणाले. आणि पंपवाल्याला त्या दिवसापासून कुणी फवारणीच्या कामाला बोलावलं नाही.

आता शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या मुलांचे उपक्रम पालकांसमोर दाखवायचे होते. त्याआधी बाईंनी एक अट घातली होती. प्रत्येक दृश्याबद्दल सांगायचं की ते कधी घेतलं, कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, आणि तेव्हा चौकटीच्या बाहेर काय होतं. "आणि एक शेवटचं," बाई फळ्याला टेकून म्हणाल्या होत्या. बाई नव्या होत्या, फार मोठ्याने बोलत नसत. "तुमचं म्हणणं चुकीचं असतं, तर काय दिसलं असतं? ते शोधा. सापडलं नाही, तर तुमचं म्हणणं थोडं पक्कं झालं. सापडलं, तर मला सांगायला या. मी रागावणार नाही."

वर्ग हसला होता. मुंगीला हसू आलं नव्हतं. पंपाच्या दृश्याबद्दल काय सांगायचं, हे तिला तेव्हाच माहीत होतं.

*

नळावर पाणी बारीक झालं होतं. हंडा भरायला इतका वेळ लागे की बायका हंडा लावून तिथेच बसत. आई आणि पंपवाल्याची बायको वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसत आल्या होत्या. आता काकू आली की पलीकडच्या दगडावर, पाठ करून बसायची.

त्या दिवशी मुंगी आईबरोबर होती. तिसरी एक बाई, तोंडाने फटकळ, हंड्यावरचा हात न काढता म्हणाली, "काय गं पंपवालीण, नवरा काय करतो सध्या?"

"क्रेट उचलतो. शेडमध्ये."

"बरं झालं बाई. हातांचा वास तरी जाईल."

दोघीतिघी हसल्या. काकू हसली नाही. तिचा हंडा अर्धाच भरला होता. तिने तो तसाच उचलला. चुंबळ डोक्यावर नीट बसेना, म्हणून एका हाताने ती सारखी करत ती वाटेला लागली. आई तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"अगं, भरून तरी घे," आई म्हणाली. आवाज पोचेल इतका मोठा तिने काढला नाही.

घरी येताना वाटेत आई म्हणाली, "तुझ्या वेळी मला ताप चढला होता. पंधरा दिवस तिनं घर सांभाळलं आपलं. तू एवढीशी होतीस. मुंगी हे नाव तिनंच ठेवलंय."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर माहीत आहे. मी आपलं सांगितलं."

*

मेलेल्या पेट्या साफ करायचं काम रेंगाळत चाललं होतं. चौकटींवरचं जुनं मेण खरवडायचं, फळ्या सोड्याच्या पाण्याने घासायच्या, उन्हात उलट्या टाकायच्या. बाबा ओणवे होऊन खरवडत होते. त्यांच्या मानेवर घामात मेणाचा भुगा चिकटला होता. पूर्वी काम करताना ते माश्यांशी बोलत. आता पेट्याच रिकाम्या होत्या.

"बाबा, खालच्या रांगेचं बाईंना काय सांगू?"

"खालच्या रांगेचं काय?"

"ती जिवंत आहे."

"आहे ना. नशीब आपलं."

"पण ती कुंपणाला लागून आहे. फवारा आला असता तर आधी तिथे आला असता."

बाबांनी खरवडणीची धार बोटाने तपासली. "वारा कसा वाहतो ते आपल्याला काय दिसतं. वरून गेला असेल."

"आणि तपकिरी डाग? तुम्हीच सांगितलं होतं, विषानं मरते ती माशी घरात घाण करत नाही, ते पोट बिघडल्याचं लक्षण आहे."

"फार लक्षात ठेवतेस तू." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. दुसरी चौकट हातात घेऊन ते म्हणाले, "बागमालक काल भेटला होता. म्हणाला, यंदा फुलोऱ्याला सगळ्या पेट्या तुझ्याच ठेव, पाण्याजवळची जागा देतो. म्हणाला, तुमच्यावर अन्याय झाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

बाबांचं 'बघू' घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. छप्पर गळायला लागलं तेव्हा ते बघू म्हणाले होते आणि दोन पावसाळे घरात भांडी मांडावी लागली होती. मुंगीने फळीवरचा सोडा धुतला. पाण्यात तपकिरी रंग उतरला आणि जमिनीत जिरला.

*

आई फळांच्या शेडमध्ये गोण्या शिवायला जाई. मुंगी तिथे तिचा डबा द्यायला गेली तेव्हा पंपवाला काका दारातच होता. फळांचे क्रेट एकावर एक रचून तो ट्रककडे नेत होता. मूळचा सडपातळ माणूस. पंपाच्या पट्ट्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर जुने घट्टे पडले होते. पण क्रेटचं वजन खांद्यावर नाही, कमरेवर येतं, आणि कमरेला सवय नव्हती. दर फेरीला तो खाली ठेवून एकदा सरळ होत होता. मुकादम ते बघून दर वेळी घड्याळाकडे बघत होता.

"काय गं मुंगे," तो म्हणाला, "आज मोबाइल नाही आणलास? क्रेट उचलताना मी जास्त बरा दिसतो."

तिने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"अगं थट्टा केली."

"काका, त्या दिवशीचं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

त्याने क्रेट खाली ठेवला. आत गोण्या शिवणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. "सांगितलं की. बागमालकाला सांगितलं. म्हटलं, पोर आली, म्हणाली काका, जरा पंप चालवून दाखवा, शाळेसाठी हवंय. म्हटलं, अगं आज औषध मारायचा दिवस नाही, आणि उन्हात तर मी मारतच नाही, माश्या बाहेर असतात. तर म्हणाली, नुसतं पाणी भरा. भरलं पाणी. चालवला." तो हसला. "मालक म्हणाला, वा. पाणी होतं म्हणे. आता शेडमधली सगळी मला तेच म्हणतात. पाणी प्यायला गेलो तरी. काय रे, पाणीच आहे ना?"

"माश्या तेव्हा मेलेल्याच होत्या."

"हो की. वरच्या पेट्या झाकलेल्या होत्या. तू म्हणालीस, तिकडे उभे राहू नका, कुंपणापाशी राहा, मागे हिरवं छान दिसतं." त्याने पुन्हा क्रेटला हात घातला. "मी म्हटलं, पोरीला कळतं त्यातलं. माझा चेहरा नीट आला का हेच विचारत बसलो मी."

"ए, पाणीवाल्या," मुकादमाने हाक मारली.

"आलो," काका म्हणाला, आणि क्रेट उचलताना त्याच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज निघाला. तो त्याने खोकल्यात मिसळून टाकला.

मुंगी आईचा डबा आईला न देताच घरी निघाली होती. अर्ध्या वाटेवर हातातलं ओझं जाणवलं तेव्हा परत फिरली.

*

ती संध्याकाळी बाईंच्या खोलीवर गेली. बाई एका खोलीत भाड्याने राहत. टेबलावर वह्यांचा गठ्ठा आणि त्यावर उपडं ठेवलेलं भांडं. मुंगीने उभ्याउभ्याच सांगितलं. दृश्यांचा क्रम, पाण्याचं, खालची रांग.

बाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पंप आधी आणि माश्या नंतर, असं का लावलंस?"

"तसंच झालं असणार असं वाटलं. नुसत्या मेलेल्या माश्या दाखवून काही कळत नव्हतं. कुणीतरी दिसायला हवं होतं."

"हं." बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मीही बघितली होती फिल्म. सगळ्यात आधी मीच पुढे पाठवली." मग म्हणाल्या, "मग कशानं मेल्या?"

"माहीत नाही."

"खरंच नाही माहीत?"

मुंगीने मोबाइलवर फिल्मचं पहिलं दृश्य लावलं आणि बाईंच्या हातात दिलं. सोनेरी, जाड, उन्हात पेटल्यासारखी धार. बाईंना त्यात काही दिसलं नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं. मधपाळाच्या घरात न वाढलेल्या कुणालाही ती धार सुंदरच वाटली असती.

"मला अजून एक करून बघायचंय," मुंगी म्हणाली. "मग सांगते."

*

खालच्या रांगेसाठी आईने दुसऱ्या दिवशी पाक केला. पाणी उकळलं, भांडं खाली उतरवलं, मग साखर घातली आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिली. आच बंद. माश्यांचा पाक असाच करायचा असतो. साखर तळाला लागता कामा नये, रंग येता कामा नये. रंग आला तर टाकून द्यायचा; जळक्या साखरेने माशीचं पोट बिघडतं आणि ती मरते. हे बाबा नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगत.

मुंगी भांडं घेऊन बाहेर गेली. ओट्याची तीच कड, उन्हाची तीच वेळ, तोच मोबाइल. तिने वाटीत धार सोडली आणि दुसऱ्या हाताने चित्रण केलं. मग आत येऊन मोबाइल चुलीजवळच्या फळीवर उभा केला. बाबा जेवायला बसले होते.

"हे आजचं," ती म्हणाली.

पडद्यावर धार दिसत होती की नाही, हेच आधी कळत नव्हतं. पाण्यासारखी. मागची भिंत तिच्यातून दिसत होती.

"आणि हे तेव्हाचं."

आईने हातातली पळी खाली ठेवली. बाबांनी एकदाच बघितलं आणि घास तोंडात घातला.

"उन्हाचा रंग असतो," ते म्हणाले.

"ऊन तेच आहे. म्हणून त्याच वेळी काढलं."

"मोबाइल कधी कसा रंग दाखवतो."

"आजही तोच मोबाइल आहे."

"मग साखर वेगळी असेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. पाण्याचा पेला त्यांनी उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तुला नक्की काय म्हणायचंय?"

म्हणायचं काय होतं, हे तिघांनाही आठवत होतं. आईने त्या दिवशी साखर घालून भांडं आचेवरच ठेवलं होतं, कारण नळाला पाणी आल्याची हाक आली होती. ढवळत राहा, असं मुंगीला सांगून ती गेली होती. मुंगीने ढवळलं. मग वाफ इतकी सुरेख वर चढत होती की तिने पळी ठेवली आणि मोबाइल काढला. वास आला तेव्हा तळ धरला होता. आईने येऊन बोट बुडवून चाटलं होतं आणि म्हणाली होती, कडू लागतोय, फेकून द्या. घरात तेवढीच साखर होती. बाबांनी भांड्यात वाकून बघितलं होतं, बराच वेळ. माश्या दोन दिवसांच्या उपाशी होत्या. मग ते म्हणाले होते, थोडा कडवट असला म्हणून काय झालं, माश्या काय तुझ्यासारख्या नाक मुरडतायत. तो पाक वरच्या रांगेला गेला. खालच्या रांगेला दुसऱ्या दिवशी, साखर आणल्यावर, वेगळा केला होता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आई म्हणाली.

"म्हटलं होतंस," बाबा म्हणाले. "तू म्हणतेसच सगळं. आणि करतं कोण?"

"आचेवर मीच ठेवून गेले. ते नाही का म्हणत मी?"

"ढवळायचं मी सोडलं," मुंगी म्हणाली.

अन्नावर एक माशी बसली, साधी, घरातली. आईने हाताने ती उडवली.

"ऐक," बाबा शेवटी म्हणाले. ताट त्यांनी पुढे सरकवलं. "बागा माझ्या पेट्या कशावर घेतात? मी सांगतो त्यावर. माशीवाल्याला कळतं, या एकाच गोष्टीवर. माशीवाल्याने जळका पाक घातला, हे एकदा बाहेर गेलं की कोण ठेवेल पेटी? पंपवाला पंप सोडून क्रेट उचलतो. मी काय उचलू?"

"काकांना कमरेचं दुखणं लागलंय."

"मला दिसत नाही का?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "रोज जातो मी त्या रस्त्याने. तो मला अजून हात करतो. कसे आहात मधपाळ, विचारतो."

बाहेर पेट्यांच्या फळ्या उन्हात तडकत होत्या. बाबा म्हणाले, "पंपाचं सांग तू. पाणी होतं, नंतरचं होतं, सगळं सांग. तुझं आहे ते. पाकाचं नको काढू."

"मग कशानं मेल्या असं विचारलं तर?"

"पाकाचं मी बघतो."

"कधी?"

"कार्यक्रम होऊ दे. बघू."

"बरं. पाकाचं मी नाही बोलणार," मुंगी म्हणाली.

*

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे बाकं लावली होती. खिडक्यांवर चादरी अडकवून दुपारचा उजेड अडवला होता, तरी कडांनी तो आत येत होता आणि पडद्यावर एक फिकट पट्टा पडला होता. पंखा फिरत होता, पण वारा फक्त पुढच्या दोन रांगांना लागत होता. तिथे बागमालक बसला होता, आणि त्याच्या शेजारी, त्याने आग्रहाने बसवून घेतलेले, बाबा. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कॉलर टोचत असल्यासारखी ते सारखी मान हलवत होते.

पंपवाला काका शेवटच्या बाकावर, दाराशी. काकू त्याच्या बाजूला. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते आपणहून आले होते, मुंगीला कळलं नाही. काका पाठ भिंतीला टेकवून, जरा तिरका बसला होता.

आधी दुसऱ्या मुलांचं झालं. कचऱ्यावर एक, जुन्या विहिरीवर एक. टाळ्या पडल्या. मग बाईंनी नाव घेतलं आणि मुंगी पुढे गेली. माइक तिच्यासाठी उंच होता. बाईंनी तो खाली केला आणि हळूच विचारलं, "सांगणार आहेस ना?" तिने मान हलवली.

"फिल्म पूर्ण दाखवायची नाही," ती म्हणाली. आवाज माइकमधून दुसऱ्याच कुणाचा वाटला. "फवारणीचं दृश्य लावा फक्त."

पडद्यावर काका आला. पाठीवर पंप, मागे हिरवं. फवारा सुटला आणि मागून कुणीतरी ओठांतल्या ओठांत "पाणी" म्हणालं. थोडं हसू पसरलं.

"पाणीच आहे," मुंगी म्हणाली. "मीच भरायला सांगितलं होतं. काका नको म्हणत होते. आणि हे दृश्य माश्या मेल्यानंतरचं आहे. मी ते आधी लावलं. काकांनी आमच्या माश्या मारल्या नाहीत. खालची रांग बागेला लागून आहे, ती जिवंत आहे. फिल्ममध्ये मी ती दाखवली नाही."

हसू थांबलं. पंख्याची करकर ऐकू यायला लागली. शेवटच्या बाकावर काकूने पदर तोंडाशी नेला. काका मात्र पडद्याकडेच बघत होता, स्वतःकडे.

"म्हणजे इतके दिवस..." कुणीतरी म्हणालं.

बागमालक खुर्चीत वळला. तो वाईट माणूस नव्हता, पण आपण फसलो हे त्याला चारचौघांत आवडलं नव्हतं. "ठीक आहे. पोरांच्या हातून होतं," तो म्हणाला. "पण मग माश्या मेल्या कशानं? अशाच? आज फवारणीने नाही म्हणतेस. उद्या माझ्या बागेत पेट्या ठेवायच्या, तर मला कळायला नको?"

मुंगीने माइकची दांडी धरली. धातू गार होता. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते तिने शब्द देऊन घरी ठेवलं होतं. तिने बाबांकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. आई बायकांच्या बाजूला, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती, आणि तीही बाबांकडेच बघत होती.

"सांग ना," मालक म्हणाला. "का तेही माहीत नाही?"

"बाई," मुंगी म्हणाली, "पहिलं दृश्य लावा. लावून थांबवा."

सोनेरी धार पडद्यावर आली आणि अर्ध्या हवेत थांबली. एवढ्या मोठ्या आकारात ती कुणी बघितली नव्हती. कुणीतरी नकळत "वा" म्हणालं. उजेडाचा फिकट पट्टा तिच्यावरून गेला होता, तिथेही तिचा रंग गेला नव्हता.

यापुढे मुंगी बोलली नाही. एवढंच तिला करता येण्यासारखं होतं.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. ते मान हलवायचे थांबले होते. मालकाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जाऊ द्या, पोर घाबरली, असं काहीतरी म्हणाला. बाबांनी तो हात बाजूला केला, हळूच, पेटीवरची माशी दूर करावी तसा, आणि उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं, शेवटच्या बाकाकडे, आणि नव्या माणसाला काम शिकवताना ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात बोलायला लागले.

"माश्यांच्या पाकाला रंग नसतो," ते म्हणाले. "हा तळाला लागलेला आहे. लांबून बघितला तरी कळतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी घातला. यंदा माझ्या पेट्या कुणी घेऊ नका."